पाचवी सवाष्ण

“चार झाल्या. पाचवी ही रंभा,” असं म्हणत इंदुताईंनी माझा दंड धरून मला पुढं ओढलं.

पिंपरीतल्या एका काचेच्या कारखान्यात मी बाटल्या धुवायला होते. पंचावन्न सालची गोष्ट. भट्टी दुरुस्तीसाठी विझवली की पुन्हा पेटवताना पाच सवाष्णींची ओटी भरायची, आणि त्यांनी भट्टीला हळदकुंकू वाहायचं, अशी तिथली रीत. सवाष्णी निवडायचा मान इंदुताईंचा, म्हणजे आमच्या लक्ष्मणराव मुकादमांच्या बायकोचा. माझं कुंकू ठसठशीत आणि बांगड्या हातभर, म्हणून माझ्यावर नजर गेली. त्या बाईला काय ठाऊक, की बांगड्या मी स्वतःच पिंपरीच्या बाजारात रोशनबी बांगडीवालीकडून भरल्या होत्या. आधीच्या सासूनं फोडल्या, माझा नवरा चिमाजी पटकीनं गेला त्या दिवशी.

लेकीला काखोटीला मारून मी गाव सोडलं. नवरा नसलेल्या बाईला मुकादम कामावर घेत नसत. मागं कटकट नको म्हणायचे. मग मी चिमाजीला मुंबईच्या गोदीत लावून दिला. मेलेला माणूस, त्याला काय, कुठंही लागतो कामाला.

खरं ठाऊक होतं ते एकट्या कुसुमताईंना. कामगारांची सुखदुःखं बघायला कारखान्यानं नेमलेल्या बाई त्या, मुंबईला समाजसेवेचं शिकून आलेल्या. वेल्फेअर म्हणता येईना, म्हणून आम्ही त्यांना येल्फेरबाई म्हणायचो. लेक तापानं फणफणली तेव्हा त्या खोलीवर आल्या आणि म्हणाल्या, “हिच्या वडलांना कळवू का?” झालं, माझ्या डोळ्यांना धार लागली. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “हे माझ्यापाशीच राहील. कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण तुझ्या मर्जीशिवाय खरंही सांगणार नाही.” खोटं नाही आणि खरंही नाही, मग ही बाई बोलणार तरी काय? मला वाटलं, शिकलेल्या माणसांचं सगळंच अजब.

तर त्या दिवशी भट्टीपाशी आम्ही पाचजणी रांगेत उभ्या, बाजूला मुकादम आणि कुसुमताई. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं तर काम जाणार. लेकीच्या तोंडात काय घालू, एवढंच डोक्यात. बाकी भीतीही होतीच. मीही त्याच समजुतीत वाढलेली, माझ्या हातचं कुंकू भट्टीला लागलं आणि काही वाईट झालं तर, असं मलाही वाटत होतं.

इंदुताई चौघींना कुंकू लावून माझ्यापुढं आल्या, आणि नेमका तेव्हाच सोनबा उगवला. आमच्या गावचा गाडीवान. चाकणहून कॅन्टीनला कांदे घेऊन आला होता. मनानं अगदी देवमाणूस, पण आवाज रानात गुरं हाकल्यासारखा.

“आरं, ही तर आपल्या चिमाजीची रंभा. पोरी, चिमाजीला जाऊन वरीस न्हाई झालं, आन् कुकू कसं काय? दुसरं घर केलंस व्हय?”

इंदुताईंचा हात थांबला. “तुजा न्हवरा मुंबैला हाय न्हवं?”

मी पदर पुढं ओढला. मग त्या कुसुमताईंकडे वळल्या. “बाई, तुमी हिच्या खोलीवर जाता. तुमाला ठावं व्हतं?”

“ते मी सांगणार नाही,” कुसुमताई म्हणाल्या.

“म्हंजी व्हतं,” लक्ष्मणराव म्हणाले. “बाई, भट्टीचा खेळ हाय ह्यो. सायबाच्या कानावर गेलं तर तुमची नोकरी ऱ्हायाची न्हाई.”

“नाही राहिली तर नाही. माझ्याकडे जो बोलतो, त्याचं बोलणं त्याचंच असतं. तुम्ही बोललेलंही मी कुणाला सांगितलेलं नाही, लक्ष्मणराव.”

मुकादम खाली बघायला लागले. त्यांनी काय सांगितलं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही. तेवढंही बोलायला नको होतं, अशी हळहळ बाई पुढं कैकदा करायच्या.

माझ्यापायी त्या बोलणी खात होत्या आणि मी मुकी उभी. मला माझीच चीड आली. “त्यास्नी काय इचारता? मला इचारा. मेला माजा न्हवरा. प्वार जगवायची व्हती म्हनून लबाड बोलले.”

एवढ्यात साहेब आले. भट्टी का अडलीय म्हणून विचारू लागले. कुसुमताई माझ्या कानाशी आल्या. “तू सांगतेस की मी सांगू?”

“तुमीच सांगा.”

तेव्हा कुठं त्या बोलल्या. पदरचं काही घातलं नाही, काही लपवलंही नाही. शेवटी म्हणाल्या, “विधवेला काम नाही असा आपल्याकडे नियम नाही, साहेब.”

साहेबांनी मुकादमांना विचारलं, “बाटल्या नीट धुते का?”

“धुती.”

“मग राहू द्या तिला. आणि भट्टी पेटवा.”

काम राहिलं. पण इंदुताईंनी ताट खाली ठेवलं. बाई वाईट नव्हत्या, त्यांचा हातच होईना. चौघींवर भागवावं का, अशी कुजबुज सुरू झाली.

कुसुमताईंनी ताटातला करंडा उचलला आणि माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. “रंभा, तुला हवं असेल तर लावते. नको असेल तर नाही.”

माझं लग्न लावलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. सासूनं कुंकू पुसलं, तेव्हाही नाही. आणि पुन्हा लावलं ते पोटासाठी, मनाला कोण विचारतो. त्या बाईनं मात्र माझ्या कपाळाला हात लावायच्या आधी मला विचारलं, सगळ्यांच्या देखत. काम वाचवलं त्याचे उपकार आहेतच, पण या एका विचारण्याचे उपकार माझ्याच्यानं या जन्मात फिटायचे नाहीत.

“लावा,” मी म्हटलं, आणि डोक्यावरचा पदर थोडा मागं घेतला.