ओमारची सेलरी

सुविला लग्नाविना घरातच राहिली, तर ओमारच्या पदरात काय पडणार होतं ते आधी सांगते. पहाटेच्या धारेला अर्ध्या गाई. शनिवारच्या बाजारातला पावाचा गाळा. चार मुलांचे कपडे, आणि म्हातारपणी आम्हा दोघांच्या पायांना कढत पाणी. पगार नाही, कुरकुर नाही, वर गळा गोड. मी आरी, ओमार माझा नवरा आणि सुविला त्याची धाकटी बहीण, त्यामुळे या व्यवहारात थोडा वाटा माझाही होता.

सुविला चौतीस वर्षांची. आमच्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथात या वयाची अविवाहित बाई म्हणजे घराचा खांब. सगळे त्यावर टोप्या टांगतात, खांबाला कुणी काही विचारत नाही.

पण त्या वसंतात बेन्युएल रील येऊ लागला. घोड्यांचा साज शिवणारा, विधुर, दाढीत दोन-चार पांढरे केस. आमच्या बग्गीचे पट्टे तपासायला म्हणून यायचा, आणि महिनाभरात आमच्या घोड्याचा साज जन्मात नव्हता इतका मजबूत झाला. एक वाक्य बोलायला त्याला गाईला रवंथ करायला लागतो तेवढा वेळ लागे. तो यायचा त्या दिवशी सुविला पीठ जरा जास्तच मळायची.

ओमारनं हे पाहिलं. जून संपता संपता त्यानं ओढ्याकाठच्या पट्ट्यात सेलरी लावली, ती लांब देठांची पालेभाजी. तीन लांबलचक ओळी.

आमच्या पेन्सिल्वेनियाच्या या भागात घरापुरती सेलरी म्हणजे कुंपणाशी मूठभर रोपं. त्याहून जास्त दिसली की समजायचं, या घरी शरदात लग्न आहे. लग्नाच्या जेवणात शिजवलेली सेलरी, कोंबडीच्या सारणात सेलरी, आणि टेबलांवर फुलांच्या जागी बरण्यांत उभी केलेली पुन्हा सेलरीच. ठरल्याचं मात्र कुणी बोलत नाही. प्रार्थनेच्या रविवारी डीकन, म्हणजे आमच्या मंडळीचे सेवक, नावं जाहीर करेपर्यंत ते गुपित. म्हणून लोक मुलीच्या तोंडाकडे बघत नाहीत, मळ्याकडे बघतात.

"कुणाचं लग्न आहे?" मी ओमारला विचारलं.

"बाजारात भाव बरा आहे," तो म्हणाला आणि टोपी सारखी केली.

टोपी सारखी केली की तो सगळं सांगत नसतो. खोटं तो बोलत नाही, ते पाप. पण सेलरीला कुठे जीभ आहे?

जुलैतल्या एका संध्याकाळी बेन्युएल आला तो बग्गीतून उतरलाच नाही. ओढ्याकडे बघत बसला. घोडा उगाच शेपटी हलवत होता. मग त्यानं टोपीला हात लावला आणि बग्गी वळवली. सुविला दारात पुसणं हातात धरून उभी.

"वहिनी, काय झालं गं यांना?"

"घोड्याला काही आठवलं असेल," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात शेजारची माली काकू पायानं ढकलायच्या स्कूटरवरून आली. "अगं सुविला, गोधडी निळी शिवू की जांभळी?"

"कशाला काकू?"

"असंच गं. थंडी काय, येतेच."

"काकू, माझं लग्न ठरलेलं नाही."

"हो हो, नाहीच मुळी! माझंही नव्हतं. डीकन नाव घेईपर्यंत नव्हतं बाई." आणि डोळे मिचकावून गेली.

गोम इथेच होती. जिचं ठरलंय तीसुद्धा 'नाही'च म्हणते, त्यामुळे जिचं ठरलेलं नाही तिला 'नाही' म्हणायची सोयच उरत नाही.

ऑगस्टभर सुविला त्या ओळींना पाणी घालत राहिली. सेलरीला तहान फार. पहाटे ओढ्यावरचं धुकं मळ्यात शिरायचं, त्यात तो हिरवा, किंचित तिखट वास भिजून घरापर्यंत यायचा आणि उशीतही राहायचा. एकदा मी खिडकीतून पाहिलं तर धुक्यात तिची टोपी तेवढी दिसत होती, जमिनीशी काही संबंध नसल्यासारखी तरंगत निघालेली. चालताना ती पानांवरून हात फिरवत होती. मला क्षणभर वाटलं, त्या ओळींमध्ये पाहुणे बसलेत, हळू आवाजात संथ भजन म्हणताहेत, आणि ही एकेकाच्या खांद्याला हात लावून नवरदेवाला शोधत चाललीय.

ती आत आली तेव्हा झगा गुडघ्यापर्यंत ओला होता.

"वहिनी, मी हल्ली स्वप्नात रोज लग्न करते. नवरा दिसत नाही, पंगत तेवढी दिसते."

"जेवण बरं असतं का?"

"पाव माझाच असतो."

सप्टेंबरात एका सकाळी तिनं शिवणाची कात्री घेतली आणि लगामाचा धडधाकट टाका उसवला. माझ्यासमोर.

"तुटलाय," ती म्हणाली.

"दिसतंय," मी म्हणाले, आणि घोडा जुंपायला गेले.

बेन्युएलच्या दुकानात कातड्याचा आणि तेलाचा उबदार वास होता. त्यानं लगाम हातात घेतला, टाका पाहिला, फार वेळ पाहिला. शिवण त्याचीच होती.

"हा तुटत नाही," तो शेवटी म्हणाला.

"मग उसवला असेल कुणीतरी," सुविला म्हणाली.

"लग्नाआधी नवा साज करून देईन. नवरदेवाला सांगा."

"नवरदेव कोण ते तुम्हाला कळलं असेल तर मलाही सांगा हो. गावात मी एकटीच राहिलेय अजाण."

बेन्युएलनं सुई खाली ठेवली. "तीन ओळी आहेत तिकडे."

"ओळी दादाच्या. बाजारासाठी म्हणे. मी फक्त पाणी घालते."

मी भिंतीवरची खोगिरं बघत राहिले, दोनदा बघून झाली.

"एवढी सेलरी बाजार खाईल?" त्यानं विचारलं.

"नाही खायचा."

"मग वाया जाईल."

"वाया घालवणं पाप आहे, बेन्युएल," सुविला म्हणाली, आणि तिचे कान टोपीखाली लाल झाले.

ऑक्टोबरात डीकन गिडियन, रिवाजाप्रमाणे गुपचूप, बेन्युएलच्या वतीनं घरच्यांची संमती विचारायला आले. ओमार कोठारात होता. "आम्ही काय विचारायचं म्हणा," डीकन हसले, "तुझी संमती जूनपासून ओढ्याकाठी हिरवी दिसतेय. आम्ही फक्त नवरदेव कोण याची वाट पाहत होतो."

ओमारचा हात टोपीकडे गेला आणि मध्येच थांबला. नाही म्हणायचं तर सेलरी कशासाठी लावली ते सांगावं लागलं असतं, आणि ते सगळ्या मंडळीपुढे, पापाची कबुली म्हणून, गुडघे टेकून.

"हो," तो म्हणाला. "लावून ठेवली होती."

लग्न आमच्यात मुलीच्या घरी होतं. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी आमच्या घरात आणि कोठारात मिळून तीनशे माणसं जेवली. बरण्यांत सेलरी उभी होती, मातीखाली झाकून पांढरी झालेली, मेणबत्त्यांसारखी. माली काकूनं निळी गोधडी आणली. ओमारनं कोंबड्या दिल्या, ओळी दिल्या, बहीण दिली, आणि लोक त्याचा हात हातात घेऊन म्हणत होते, किती प्रेमाचा भाऊ! खर्च म्हणून बेन्युएलला लागला एक टाका. सुविलाला एक कात्री.

अजून धुकं येतं. पहाटे गोठ्यात डिझेलचं इंजिन धडधडत असतं आणि मी गाईच्या कुशीला गाल टेकून अर्धवट झोपेत दुधाच्या नळ्या लावते. कुठूनसा सेलरीचा वास येतो. पलीकडच्या रांगेतून ओमार म्हणतो, "ती सेलरी मला फार महाग पडली गं, आरी."

मी पुढच्या गाईकडे सरकते. पहाटेच्या अर्ध्या गाई आता माझ्याकडे आहेत.