उंबऱ्यावरची तपासणी

गिदोन घरी आला की ग्रेस आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. चपला काढायच्या आत, उंबऱ्यातच. त्याच्या दारूपायी ती माहेरी निघून गेली होती आणि परत आली ती याच एका अटीवर. वास घेऊन झाला की म्हणायची, "या आत." तेवढं ऐकून त्याचा जीव भांड्यात पडायचा आणि लगेच स्वतःची लाजही वाटायची.

कारण दारू सुटली होती, गिदोन कुठं सुटला होता! राहुरीत त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. पूर्वी दिवस कलला की पाय गुत्त्याकडे वळायचे, आता हायवेवरच्या लॉजकडे वळत. बाई कोण, कशी, याचं त्याला काही देणंघेणं नव्हतं. सुख म्हणाल तर ते केव्हाच आटलं होतं. सकाळी बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायची आणि दुपार टळली की पान्हा बाजूला ठेवून तो घड्याळ बघायला लागायचा, अगदी पूर्वीसारखा. ग्रेसला काही रोग लागू नये म्हणून गडी एकटाच बाहेरच्या खोलीत झोपायचा. तिला वाटे, दारूनं माणूस आतून पोखरला. म्हणून ती बिचारी त्याला अंडी उकडून घालायची.

त्यात चर्चमध्ये कौतुक. देवानं व्यसनातून कसं सोडवलं, याची साक्ष रविवारी सगळ्यांपुढे दे, असं पाळकसाहेबांनी सांगितलं. दारू सोडताना ज्यानं हात धरला होता, त्या छगनकडे तो गेला.

छगन आधी हसलाच. याला कुठं व्यसन म्हणतेत, म्हणाला. मग गिदोननं तीच तलफ, तीच थापेबाजी, तोच सकाळचा पस्तावा, सगळं सांगितलं तेव्हा त्याचं हसू मावळलं. दारू सुटल्यावर आपणही पत्त्यांत गुंतलो होतो, हे त्यानं खाली मान घालून कबूल केलं.

"आपली दारू सोडवली त्याच डॉक्टरकडं जाऊ," छगन म्हणाला. "त्यांना हेबी ठावं असतंय. पर आधी घरी सांग."

शनिवारी गिदोन गॅरेजमधून सरळ घरी आला. ग्रेस उंबऱ्यात आली, तसा तो मागे सरला.

"वास घिऊन उपेग न्हाई, ग्रेस. मी बायांकडं जातो. दारूवानीच झालंय, सुटत न्हाई. फकस्त वास येत न्हाई."

"कवापासनं?"

"दारू सोडली तवापासनं."

ती दारू सुटावी म्हणून ग्रेसनं किती उपास केले होते!

"दारू पीत हुता, तवा निदान मला कळत तरी हुतं," म्हणाली आणि आत गेली.

दार तिनं लावलं नाही. पण 'या आत' असंही म्हणाली नाही. चपला पायातच ठेवून गिदोन पायरीवर बसला आणि आतून हाक येते का, ते ऐकत राहिला.