वेताची काडी, सागाचा वासा

"कंबर मुठीत मावली पाहिजे, बाबू. भात खात राह्यशील तर बाई कशी दिसशील?"

लच्छू मास्तर जाऊन किती पावसाळे झाले, पण त्यांचा आवाज जयाच्या पोटात अजून बसून होता. गावच्या दंडारीत, रातभर चालणाऱ्या नाचगाण्याच्या खेळात, ते पोरांना लुगडं नेसवून नाचवायचे. पोराच्या कंबरेला आपला दुपट्टा गुंडाळायचे, गाठ आवळायचे आणि मृदंगावर थाप मारून म्हणायचे,

कंबर बाईची वेताची काडी
झुळूक आली की लवते थोडी

बाकीची पोरं नाच संपला की लुगडं फेकून पळायची. जया तेवढी ते नीट घडी करून ठेवायची. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. ते नाव आता घरात कोणी घेत नाही. त्यासाठी तिनं भांडण केलं, रुसवा धरला, घर सोडून गेली, परत आली. साडी मिळवली, नाव मिळवलं, चंद्रपूरच्या दवाखान्यातून गोळ्या सुरू केल्या. तिची आई कुंतामाय आधी रडली, मग एक दिवस तिच्यासाठी बाजारातून हिरव्या बांगड्या घेऊन आली. इस्तारी, तिचा बाप, बांगड्या पाहून एवढंच म्हणाला, "हात मोठा हाय, चढतीन का?"

चढल्या. पण ते शब्द जयाच्या हाताला चिकटून राहिले.

हात मोठा होता. खांदे त्याहून मोठे. लहानपणापासून बापाबरोबर तळ्यात जाळं ओढून ओढून ते रुंद झाले होते. ब्लाउजची बाही शिवताना दरजीण फीत पुन्हा लावून पाहायची. मग जयानं जाळ्याचा दोर सोडला, आणि दोरापाठोपाठ भातही सोडला. मोबाइलमध्ये कोणी सांगितलं म्हणून सकाळी कोरा चहा, दुपारी काकडी, सांजेला अर्धी भाकर. उजाडायच्या आधी तळ्याच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून, भरभर चालणं, पार नागभीडच्या रस्त्यापर्यंत. जणू चालता चालता खांदे वितळून मागं सांडतील.

"जेवली का?" कुंतामाय विचारायची.

"भूक नाई."

दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली होती, अंगात रक्त कमी झालंय, चालतेस ते चांगलं, जड उचललंस तरी चांगलं, पण आधी खा. जयानं मान हलवली होती. चंद्रपूरची माधवी तिच्यासारखीच, पण अंगानं भरलेली. बागेतल्या लोखंडी यंत्रांवर रोज व्यायाम करायची आणि बाहेर येऊन पोटभर पोहे खायची. ती फोनवर हसून म्हणाली, "काय वो जया, तू बाई व्हायले निघाली का काडी व्हायले?"

जयानं फोन ठेवून दिला होता.

यंदा उन्हाळ्यात पाणी उतरलं तसं मोठं जाळं टाकायचं ठरलं. गावच्या तळ्यावर त्याची रीत ठरलेली. गडी दोर ओढणार, बाया टोपली घेऊन काठाला उभ्या राहणार. मासे निघाले की पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली चूल पेटणार. दोर ओढणाऱ्यांची पंगत आधी, बाया वाढणार, बायांनी मागून खायचं. त्या दिवशी पोटात कोरा चहा घेऊन जया बायांमध्ये उभी होती.

मिरची तोडायला तेलंगणात गेलेली माणसं अजून परतली नव्हती, म्हणून दोरावर हात कमी होते. अर्ध्या तळ्यात आलेलं जाळं अडलं. इस्तारीच्या बाजूचा दोर मागं सरकू लागला. म्हातारा चिखलात टाच रोवून उभा होता, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. दोर सुटला असता तर सगळा मासा बाजूनं निसटला असता.

"ओढा ना बे!" इस्तारीचा पुतण्या पिंटू पलीकडून ओरडला. मग त्याची नजर काठावर गेली. "खांदे तर इथी उभे हाये, साडीत. का वो मॅडम, बांगडी फुटन का?"

दोन-चार गडी हसले. बाया हसल्या नाहीत.

जयानं टोपली खाली ठेवली, पदर कंबरेला खोचला आणि पाण्यात उतरली. इस्तारीच्या मागं जाऊन तिनं दोर धरला. हाताला दोर ओळखीचा होता. दोरालाही हात ओळखीचा असावा.

पहिल्या ओढीला दोर थांबला. दुसऱ्या ओढीला तिच्या डोळ्यांपुढं अंधार आला. पाणी गरगरलं. रिकामं पोट पाठीला लागलं होतं. आत्ता पडले तर पिंटूला वर्षभर पुरेल, एवढंच तिला कळत होतं. तिनं दात आवळले.

तेवढ्यात मागून कोणीतरी दोर धरला. कुंतामाय होती.

"माय, तू कुठी आली? बाया नाई धरत."

"तू कोन हाय मंग?" कुंतामाय म्हणाली. "वढ."

तिनं हात लांबवून जयाच्या हाताशेजारी दोर पकडला. जयानं खाली पाहिलं. मायचा हात, मनगटाशी जाड. वळून पाहिलं तर मायचा खांदा. उभा जन्म डोक्यावर माशांची टोपली, रोवणीचा चिखल, लाकडाच्या मोळ्या. तो खांदा जयाच्या खांद्याहून तसूभर रुंदच होता. रोज समोर असलेलं हे जयाला आज पहिल्यांदा दिसलं. लच्छू मास्तरांनी या बाईच्या कंबरेला कधी दुपट्टा गुंडाळला नव्हता. त्यांनी पोरांचीच कंबर मोजली होती.

दोर ओढताना गाणं लागतं. पुढच्यानं म्हणायचं, मागच्यांनी उचलायचं. इस्तारीचा श्वास संपला होता. जयानं तोंड उघडलं, मास्तरांचीच चाल धरली, पण शब्द दुसरे निघाले.

खांदा बाईचा सागाचा वासा
ओढल्याबिगर निघते का मासा?

काठावर आधी एक बाई हसली, मग साऱ्याच. आणि टोपल्या ठेवून त्या पाण्यात उतरल्या. "निघते का मासा?" म्हणत दोराला हात लागत गेले. पलीकडून पिंटूच्या बाजूलाही नाइलाजानं ताल धरावा लागला, नाही तर त्याचंच टोक मागं पडत होतं. जाळं काठाला लागलं. रोहू उडत होते, कतला उडत होते, एक मोठी मरळ चिखलात शेपटी आपटत होती.

मोहाखाली भात शिजला, रस्सा उकळला. पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या आणि गडी बसायला लागले. जया ओल्या साडीत पुढं आली, कुंतामायचा हात धरला आणि दोघी पंगतीत बसल्या.

पिंटूनं पत्रावळ सरकवली. "ही कोन्त्या हिशोबानं इथी? गडी म्हनून का बाई म्हनून?"

"बाई म्हनून," जया म्हणाली. "दोर वढलेली बाई म्हनून. तू तुया पत्रावळीकडं पाह्य."

एकेक करत बाकीच्या बायाही येऊन टेकल्या. मग वाढणारं कोणी उरलं नाही. इस्तारीनं एकदा पंगतीकडं पाहिलं, एकदा भाताच्या गंजाकडं. उठला. पंच्याला हात पुसले आणि गंज उचलून वाढायला लागला.

जयाच्या पत्रावळीशी तो थांबला. रोहूचं डोकं रश्श्यातून काढून त्यानं तिच्या पुढ्यात ठेवलं. दोरावर जो गाणं म्हणून बाकीच्यांना ओढायला लावतो, त्याचा तो मान असतो. मग भाताला हात घातला.

"तिले थोडासाच टाका," कुंतामाय सवयीनं म्हणाली. "तिले भूक नसते."

जयानं रश्श्याची वाफ छातीत ओढून घेतली. तिनं हात लपवले नाहीत, पत्रावळीवर तसेच ठेवले, मोठेच्या मोठे.

"असते, माय," ती म्हणाली. "रोज असते. मी खोटं सांगत होती. मले लई भूक लागते. वाढा बाबा, हात नका आखडू."