बादलीतलं मीठ

दीपमालाला खुर्चीत बसवेना. तिचे मार्गदर्शक, अमरावतीचे ढोरे सर, सकाळीच कारखान्यावर पोचले होते. भट्टीत खनिजाचा चुरा होऊ नये म्हणून त्यावर फवारायचं कॅल्शियम क्लोराइड वाढवायचं की नाही, हे तिथले लोक आज तिच्या प्रयोगांच्या आकड्यांवरून ठरवणार होते. वाढवलं, तर भट्टीतला जास्तीचा क्लोरीन लोखंडावर तरंगणाऱ्या वितळलेल्या मळीत, म्हणजे स्लॅगमध्ये, विरघळून मळीबरोबरच बाहेर पडायला हवा. नाही विरघळला तर तो वायू होऊन वर जातो, नळ कुरतडतो. आणि त्या नळांखाली माणसं काम करतात.

स्लॅगमध्ये चुना जास्त असला की तो क्लोरीन जास्त पोटात घेतो, हे सगळेच मानतात. पण तिच्या आकड्यांत चुन्याबरोबर क्लोरीन फारच भराभर वाढत होता.

"ताई, बसा ना जरा. फरशी झिजून राहिली," आरती म्हणाली. ही चांदूर रेल्वेची नवी विद्यार्थिनी नुकतीच अकोल्याच्या या प्रयोगशाळेत आली होती. तिनं चहा पुढे केला, स्वतः घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अवं माय! जार संपला म्हणून बोअरचं पाणी घेतलं, तं हे मिठागरच निंघालं!"

"मले तं बरा लागला."

"तुमची जीभ मेली हाये, ताई."

"अन् तुमचे गोड्या पाण्याच्या लोकायचे नखरेच लय!" दीपमाला हसली. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या तिच्या गावात असंच खारं पाणी पिऊन माणसं म्हातारी होत. डाळ शिजली नाही तरी कुणी विहिरीला नावं ठेवत नसे.

तिचं हसू अर्ध्यावरच राहिलं. प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीजवळ बादली होती. वितळलेला स्लॅग क्षणात गोठावा म्हणून ती तो त्यात ओतायची. पाणी बोअरचंच. प्रत्येक वेळी वाफेचा लोट उठे, पाणी कमी होई, वरून पुन्हा भरलं जाई. वाफ उडून जायची. मीठ बादलीतच राहायचं. नमुने धुतले तर स्लॅगमधलाही क्लोरीन निघेल, म्हणून ती ते नुसते वाळवून कुटायची. शिवाय प्रयोग कमी चुन्यापासून जास्त चुन्याकडे नेले होते. चुन्याबरोबर बादलीतलं मीठही वाढत गेलं होतं.

तिनं परीक्षानळीत बादलीतलं पाणी घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. दह्यासारखा पांढरा साका झाला. मिठातल्या क्लोरीनचीच ती खूण होती.

दीपमालानं सरांना फोन लावला.

"काहून गं? मले आत बोलावून राहिले."

"सर, आकडे देऊ नका. चुकले."

"कितीनं?"

"ते मले माईत नाई. बादलीच्या पाण्यात मीठ होतं, ते नमुन्यायत आलं."

"एवढ्या मेहनतीचं काम हाये! थोडंबहुत इकडंतिकडं होतेच, पोरी."

"चुन्यानं वाढते, हे बहुतेक खरं हाये. किती, ते नाई. फवारा वाढवू देऊ नका, सर."

"म्या काल छातीठोक सांगतलं त्यायले. आता माह्या तोंडाचं काय?"

फोन बंद झाला.

सर आत काय सांगतील, याचा अंदाज येईना. तिनं हातमोजे चढवले, सगळ्यात जास्त चुन्याचं मिश्रण मुशीत भरलं आणि बादलीऐवजी ओतायला कोरडी लोखंडी पाटी काढली. भट्टी तापू लागली तेव्हा फोन वाजला.

"थांबले ते," ढोरे सर म्हणाले. "पण लय नाराज हायेत. खरे आकडे कवा देशील?"

"भट्टी लावली हाये, सर."