दरीकडची खिडकी

एका दमात चढता येईल असा तो डोंगर नव्हता. गाडी कड्यापर्यंत जाई, थांबे, रुळांचे सांधे बदलले की उलटी होऊन वरच्या रुळावरून परत येई. तेव्हा इंजिन मागून ढकली आणि गार्डाचा डबा पुढे असे. या दोन रुळांच्या मधल्या उतारावर चावीवाल्याचं घर होतं. रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या हातोडीने ठोकण्यात त्याचा जन्म गेला होता.

बायको लेकीकडे निघाली की निरोप खालच्या थांब्यावर कधी व्हायचा नाही. खालून घर दिसे डोंगराकडच्या खिडकीतून, वरून दरीकडच्या. गाडी उलटी फिरली की ती उठायची, पर्यटकांना कोपराने सारत पलीकडे जायची. "सरका हो जरा, आमचे हे उभे असतील!" हे असायचेच, चाव्या तपासल्याचा आव आणून. मग हात हलायचे.

या खेपेला सामान जास्त होतं. निवृत्ती तोंडावर आली होती आणि त्याने इथेच राहायची परवानगी परस्पर मिळवली होती. "तुम्ही बसा रुळांशी गप्पा मारत. मला माणसं हवीत," ती म्हणाली होती. "जायचं तर जा," तो बोलून गेला होता. परत येणार का, हे विचारायची हिंमत झाली नव्हती.

"काय काका, काकूंनी सगळं घर बोचक्यांत बांधून घेतलं, तुम्हाला का ठेवलं मागे?" गार्डाने विचारलं.

"वजन जास्त झालं."

काकू हसल्या नाहीत. गाडी सुटली.

तो पायवाटेने वर चढला. हातोडी आज घेतली नाही. कड्याकडून शिट्टी आली, सांधे खडखडले. आता उठली असेल.

आधी गार्डाचा डबा आला. गार्डाने त्याला पाहिलं आणि हातातल्या झेंडीकडे बघत राहिला. मग तिचा डबा. दरीकडच्या खिडक्यांत नुसते मोबाइल. दोन डोक्यांच्या फटीतून पलीकडचा अंबाडा दिसला. ती जागची हलली नव्हती. तिच्या खिडकीबाहेर कातळ होता, ती त्याच्याकडे बघत होती.

त्याने तरीही हात वर केला. एका खिडकीतून कुणीतरी हात हलवला, मग शेजारून. बघता बघता अख्खा डबा हात हलवू लागला, पोरं ओरडू लागली. इतक्या जणांनी त्याला कधी निरोप दिला नव्हता. हात खाली कसा घ्यावा, कळेना. ढकलणारं इंजिन वळणाआड जाईपर्यंत त्याने तो तसाच धरून ठेवला.