खिडकीखालचा ड्रॉवर

स्वयंपाकघर पाडून नवं करायचं ठरलं तेव्हा नकाशा काढायचं काम आपसूक घुमीकडे आलं, कारण घरात सरळ रेघ फक्त तिलाच मारता यायची. घुमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे, म्हणून आत्यानं ते ठेवलं होतं, आणि वर म्हणायची, "पोर घुमी आहे, पण डोळे चहूकडे."

शाळेतून आली की ती आलेखाच्या कागदावर ओटा, शेगडी, सिंक, फ्रीज असे चौकोन काढायची, खोडायची, पुन्हा काढायची. आईचं मागणं एकच होतं. खिडकीखाली तिला रुंद, खोल ड्रॉवर हवा होता. लग्न झाल्यापासून अंधाऱ्या कपाटात डोकं खुपसून पातेली शोधण्यात तिचा जन्म चालला होता. आता एका ओढीत सगळं समोर आलं पाहिजे, असं तिनं बजावलं होतं. घर पाहावं बांधून म्हणतात, पण खरं तर ओटा पाहावा पाडून, असं बाबा येताजाता म्हणत आणि स्वतःच हसत.

अडचण होती ती स्टुलाची. ड्रॉवर जिकडे उघडणार तिथेच, खिडकीखाली, आत्याचं स्टूल असायचं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि बाकीच्या खोल्यांत ती पाहुण्यासारखी चाचपडत फिरायची. पण त्या बुटक्या लाकडी स्टुलावर बाजूच्या भिंतीला पाठ टेकून बसली की घर तिचं होई. मटार सोलावेत, लसूण सोलावा, दूध उतू जायच्या बेतात आलं की नुसत्या आवाजावरून "अगं, शेगडी" म्हणावं, असा तिचा दिवस जाई. थंडीत न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण त्यानंतर ती शुश्रूषागृहातच होती. चार पावलं चालली की घरी न्या, असं डॉक्टर म्हणत होते. ती मात्र उभीच राहत नव्हती.

स्टूल ठेवलं तर ड्रॉवर निम्माच उघडणार, आणि ड्रॉवर केला तर स्टूल कुठेच बसणार नाही. घुमीनं नकाशात स्टुलाचा एवढासा गोल काढून ठेवला होता. आईनं त्यावर बोट ठेवलं, थोडा वेळ ते तसंच ठेवलं, आणि म्हणाली, "बघ बाई, कसं बसवतेस ते. तू शहाणी आहेस." मग ती कपडे वाळत घालायला गेली. खोड, असं कुणीच म्हणालं नाही. घुमीनं खोलीचं दार लोटलं आणि तो गोल खोडला. कागद जरा चुरगळला, पुसट वण राहिला. त्यावरून तिनं उघड्या ड्रॉवरची तुटक रेघ ओढली. नकाशा इतका छान जमला की बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. ती थाप तिला दिवसभर जाणवत राहिली.

पुढच्या भेटीत आत्यानं तिचा हात चाचपून आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"माझी जागा ठेवलीस ना गं, घुमे?"

"हो," घुमी म्हणाली. एरवी घशात अडकणारा शब्द त्या दिवशी चटकन बाहेर आला.

जुना ओटा फुटला, राडारोडा पोत्यांतून खाली गेला आणि खोली बोडकी झाली. ओट्याचं काम सुताराकडे होतं. त्याची एक रीत होती. फळीला करवत लावण्याआधी तो नकाशाबरहुकूम जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावायचा आणि घरच्या बाईला त्या आखणीत खोटाखोटा स्वयंपाक करायला सांगायचा. कुठे हात पोचत नाही, कुठे पाय अडखळतो, ते फळी कापण्याआधीच कळलेलं बरं. आईला आधी लाज वाटली. मग तिनं हवेतलं पातेलं उचललं, हवेतल्या नळाखाली धरलं आणि शेगडीकडे निघाली.

"वहिनी, मध्येच वळसा कशाला?" सुतार म्हणाला. "मोकळं आहे की. नाकासमोर या."

आई थबकली. खिडकीखालची जागा तिनं खरोखरच वळसा घालून ओलांडली होती. सवय हो, दुसरं काय, असं म्हणून ती हसली, आणि परत जाताना पुन्हा वळसा घालून गेली. घुमी दारात उभी होती. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण सवय हे उत्तर तिलाही पटण्यासारखं होतं.

सुताराला मात्र ती सवय असायचं कारण नव्हतं. त्यानं आत्याला कधी पाहिलं नव्हतं, स्टूल तर कधीच बाल्कनीत अडगळीत गेलं होतं. तरी खांद्यावर लांब फळी घेऊन तो खिडकीशी आला तेव्हा जागेवर जरासा तिरका झाला, गर्दीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला धक्का लागू नये म्हणून आपण होतो तसा. फरशीवाला उकिडवा सरकत सरकत फरशा बसवत आला आणि तिथे पोचल्यावर उठला, पलीकडे गेला, हात लांब करून त्या बाजूनं फरशी ठेवली. नळवाल्यानं तेच केलं. कुणाच्या ते लक्षातही येत नव्हतं. घुमीच्या तेवढं येत होतं, आणि ती तोंडात गुळणी धरून बसली होती; सांगायचं तर आधी त्या गोलाचं सांगावं लागलं असतं.

ओटा उभा राहिला. खिडकीतलं ऊन नव्या दगडावर पडलं की आई नुसतीच बघत राही. ड्रॉवर तेवढा निम्मा उघडे आणि थांबे. खट् असा आवाज होत नसे. कशावर तरी हलकेच टेकल्यासारखा तो थांबे. सुतारानं रूळ बदलले, कडेला रंधा मारला. ड्रॉवर काढून जमिनीवर नवे रूळ जोडून पाहिला, तर लोण्यासारखा सरकला. जागेवर बसवला की पुन्हा निम्मा. "डोळ्याला काही दिसत नाही, वहिनी," तो कपाळ पुसत म्हणाला, "पण हाताला काहीतरी लागतं." आईनं त्याला आणखी जोर लावून बघायला सांगितलं. त्यानं दोन्ही हातांनी ओढला.

त्या आठवड्यात शुश्रूषागृहातल्या परिचारिकेनं आत्याच्या पायावरचं पांघरूण बाजूला करून दाखवलं. दोन्ही गुडघ्यांच्या खाली, एका रेषेत, काळानिळा आडवा वळ उठला होता. पलंगाची दांडी लागली असेल, ती म्हणाली, पण या तर कूसही बदलत नाहीत. बाबा गंभीर झाले. आईनं तेल मागवलं. घुमी त्या रेषेकडे बघत राहिली. तिनं आयुष्यात काढलेली सगळ्यात सरळ रेघ तीच होती.

आई आणि बाबा डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेले तेव्हा आत्यानं मान तिच्याकडे वळवली.

"जागा चांगली आहे गं," ती हळूच म्हणाली. "फक्त कुणीतरी सारखं गुडघ्यांवर काहीतरी ढकलतंय. पण मी काही उठायची नाही. तू ठेवलीस ना माझ्यासाठी."

घरी परतताना घुमीनं आईला सांगायचं ठरवलं. रिक्षात ठरवलं, जिन्यात ठरवलं, दारात चपला काढताना तोंडही उघडलं. "काय गं?" आई म्हणाली. "काही नाही," घुमी म्हणाली. आईच्या चेहऱ्यावर नव्या ओट्याचा आनंद होता आणि त्याखाली आणखी काहीतरी होतं. तिनं नकाशातल्या त्या गोलावर बोट का धरून ठेवलं होतं, ते घुमीला त्या क्षणी कळलं. दोघीही एकाच गोष्टीला वळसा घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आत्याला भेटायला गेले आणि आई वाण्याकडे. घुमीनं बाल्कनीतल्या अडगळीतून स्टूल ओढून काढलं, फडक्यानं पुसलं आणि खिडकीखाली नेऊन ठेवलं. ज्यानं जागा खोडली त्यानंच ती धरावी, एवढंच तिला सुचलं होतं. तिथे पाऊल टाकताना तिचा पायही वळला; तिनं तो बळेच सरळ टाकला. मग ती बसली. बाजूच्या भिंतीला पाठ लागली. फरशी गार होती, पण स्टूल नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं उबदार होतं.

कुलपात किल्ली फिरली. आई पिशव्या घेऊन स्वयंपाकघरात आली. सिंककडून शेगडीकडे जाताना तिनं घुमीला वळसा घातला, तिच्याकडे न बघता, नेहमीसारखा. घुमीला वाटलं, रागावली असेल. आईनं भाजी ओट्यावर ओतली, तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"काय सांगता?" आई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम ओला झाला. "आपणहून उठल्या? धरायलाही कुणी नव्हतं?" ती ऐकत राहिली, डोळे पुसत राहिली. "या घेऊन वन्संना. आजच या."

फोन ठेवून तिनं आतल्या खोलीच्या दिशेनं हाक मारली. "घुमे, ऐकलंस का? आत्या चालायला लागली. म्हणते, कुणीतरी उठवलं मला."

"आई, मी इथेच आहे," घुमी म्हणाली.

आईनं आणखी एकदा हाक मारली, उत्तराची वाट पाहिली आणि मान हलवली. पोरीला काही बोलायला नको, असं काहीसं ती पुटपुटली. मग पातेलं काढायला तिनं खिडकीखालचा ड्रॉवर ओढला. तो निम्मा आला आणि घुमीच्या गुडघ्यांना टेकला.

"अजून अडतोच आहे," आई म्हणाली, आणि तिनं दुसरा हातही लावला.