पासपोर्टला चालणारा चेहरा

आमच्या दाजींच्या फोटो स्टुडिओतून आजवर एकही माणूस गंभीर चेहऱ्याने बाहेर पडलेला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकदा एक शिंपी दाढ ठणकते म्हणून गालाला रुमाल बांधून आला होता. तो त्यांच्या खुर्चीत बसून इतका हसला, की दाढ आपणहून गळून पडली. कितीतरी दिवस ती काउंटरवर बशीत होती, कोणी न्यायलाच आलं नाही. एक नवराबायको वेगळं व्हायच्या कागदांना लावायचे फोटो काढायला दोन वाटांनी आले आणि जोडीचा फोटो काढून एका छत्रीतून गेले. बाहेर रणरणतं ऊन होतं.

दाजींची रीतच तशी होती. दिवे लावायचे, मान सरळ करायची, भिंगात डोकावायचं आणि मग अगदी सहज काहीतरी पुटपुटायचं. समोरच्याचं हसू फुटलं, की त्यांचा अंगठा आपोआप खाली. इतक्या वर्षांत त्या अंगठ्याला असं वळण पडलं होतं, की समोर हसू नसेल तर तो मुळी हलतच नसे.

त्यांच्या थट्टेवर सगळ्यात जास्त पोसलेली कोण, तर आमची ताई. दुकानात नवा दिवा आला, नवं भिंग आलं, की पहिली चाचणी तिच्यावर. त्या खुर्चीत बसली, की दाजींनी तोंड उघडायच्या आधीच हिचे खांदे हलायला लागत.

तर या दोघांची एकुलती एक लेक सीमेपलीकडे दिलेली. अंतर म्हणाल तर बसने अर्ध्या दिवसाचं, पण मध्ये दुसरा देश सुरू होतो, त्याला कोण काय करणार. लेकीला दिवस गेले, नंतर डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं आणि एके दुपारी तिचा फोन आला.

"आई, तू ये गं. बाळ यायच्या आत ये. मला भीती वाटते."

ताईने फोन ठेवला आणि सरळ माळ्यावरची बॅग काढली. दाजी म्हणाले, "अगं, बॅग भरशील, पण तुला पासपोर्ट कुठे आहे? त्याच्यावाचून तिकडचं कुत्रंसुद्धा तुझ्यावर भुंकणार नाही."

"मग काढा की."

"काढू. आणि फोटोची तर चिंताच नको. घरचं दुकान आहे."

असली वाक्यं माणसाने बोलू नयेत. वेळ टपूनच बसलेली असते.

पासपोर्ट कचेरीतल्या खिडकीपाशी एक बाई होत्या. त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. "तोंड मिटलेलं हवं. डोळे उघडे, मान सरळ, मागे पांढरं आणि हसायचं नाही. यांचे तर सगळे दात दिसतायत."

"दात त्यांचेच आहेत," दाजी म्हणाले.

"असतील. पण पासपोर्टला नकोत."

दुसरा फोटो नेला. बाईंनी तो उजेडाकडे धरला. "ओठ मिटलेत, पण गाल हसतायत."

"गालांचा नियम कुठे लिहिलाय?"

"काका, रांग बघा मागे."

तिसऱ्या खेपेला दाजींनी शपथ घेतली, की तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. ते मुकाट्याने दिवे लावायला लागले. ताईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. "अहो, तुम्ही गंभीर झालात की पायात काटा मोडल्यासारखे दिसता." झालं. अंगठा खाली, फोटो वाया. मग मला उभं केलं. मी भिंगात डोकावलो तर ती म्हणाली, "हा बघ, हा लहानपणी असाच किल्लीच्या भोकातून बघायचा," आणि ती हसली, दाजी हसले, मीही हसलो. फोटो आला तोसुद्धा तिरका.

इकडे लेकीचे दिवस भरत चाललेले. रोज फोन. पाय सुजलेत, झोप नाही, आई कधी येतेस. ताईचा घास गिळेना. आणि खुर्चीत बसवली, की पुन्हा खांदे हलायला लागत. एका संध्याकाळी तशीच हसता हसता ती म्हणाली, "मला आतून रडू येतंय हो. वरून हसू येतंय. मी काय करू?"

दाजी दिव्याकडे वळले. दिव्याची मान खाली-वर करत राहिले. मग भिंगामागे गेले आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाले, "मी काय म्हणतो, नाहीतर राहू दे तुझं जाणं. विहीणबाई आहेतच तिथे. बाळंतपणातलं त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

ताईचं हसू असं गेलं, की दुकानातला एक दिवा मंद झाला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दाजींच्या अंगठ्याला असल्या चेहऱ्याची सवय नव्हती, तो हलेचना. शेवटी त्यांनी डाव्या हाताने उजवा अंगठा दाबला.

पुढचे दोन दिवस ताई त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलत होती. "त्यांना सांग, वाढलंय." दाजी शेजारच्याच पाटावर बसलेले.

खिडकीतल्या बाईंनी नवा फोटो पाहिला आणि जरा मागे सरकून बसल्या. "हा चालेल."

"एवढा राग चालतो?" मी विचारलं.

"रागाबद्दल काही लिहिलेलं नाही."

पासपोर्ट घरी आला. आतल्या पानावर आमची गरीब ताई अशी बघत होती, की जणू हिने सासर, माहेर आणि मधलं गाव पेटवून दिलंय आणि आता ही पुढे निघालीय.

सीमेवर मी आणि दाजी तिला सोडायला गेलो. लांबलचक हॉल, पांढरे दिवे, जमिनीवर पिवळी रेघ. सोडायला आलेल्यांनी कठड्याच्या अलीकडे थांबायचं. कठड्यापासून काचेपलीकडचं दार दिसत होतं, आणि दारापलीकडे तिकडच्या देशातली बस. दाजींनी जागा हेरून ठेवली होती. "इथून ती बसमध्ये चढेपर्यंत दिसेल," ते मला म्हणाले. नवा इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यांनी, जणू त्यांनाच तपासणार होते.

काउंटरवर एक तरुण अधिकारी मुलगी होती. तिने पासपोर्ट पाहिला, ताईकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला. "या कोण?"

"मीच की," ताई म्हणाली आणि हसली.

मुलीने तिला यंत्रासमोर उभं केलं. लाल दिवा. "मावशी, हसू नका. यंत्र फोटोशी चेहरा जुळवतं." पुन्हा लाल. मागची रांग चुळबुळायला लागली. ताईचे डोळे भरून आले होते आणि तोंड हसत होतं. त्याचं कारण कठड्यापाशी उभं होतं. दाजी मदत म्हणून चेहरा गंभीर करून तिच्याकडे बघत होते.

"बस सुटेल हो माझी," ताई काकुळतीने म्हणाली. "लेकीचे दिवस भरलेत. केव्हाही होईल आता."

दाजींनी हात तोंडाशी नेऊन शेवटचा उपाय केला. "विहीणबाईंना जास्त कळतं!"

"आता नाही राग येत," ताई ओरडून म्हणाली. "लबाडी कळली मला तुमची." आणि आणखीच हसली. लाल.

अधिकारी मुलीने पेन खाली ठेवलं. "मावशी, ते कोण?"

"आमचे हे."

"काका," ती कठड्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही बाहेर जा. तुम्ही दिसताय तोवर यांचा चेहरा सरळ होणार नाही. आणि मग मला यांना परत पाठवावं लागेल."

दाजींनी काचेपलीकडच्या बसकडे पाहिलं. नंतर ताईकडे. हात हलवला नाही, कारण हात हलवला असता तर ती हसली असती. ते वळले आणि दाराकडे चालायला लागले. एवढ्या बडबड्या माणसाची पाठ इतकी गप्प असू शकते हे मला माहीत नव्हतं.

मी खांबाआड राहिलो. ताई त्या पाठीकडे बघत होती. तिचं हसू ओसरलं, भुवया जवळ आल्या, ओठ घट्ट मिटले. हिरवा दिवा लागला. शिक्का बसला. ती पलीकडच्या दारातून गेली, बसमध्ये चढली, बस हलली.

बाहेर दाजी बाकावर बसले होते.

"गेली?"

"गेली."

"रडली?"

"नाही. पण चेहरा असा झाला होता, की मला बघवेना."

दाजींनी बुटांकडे पाहिलं. "माझ्यामुळे झाला तो," म्हणाले. "एवढं आयुष्य हसवण्यात घालवलं आणि निरोप देताना तोंडावरचं हसू काढून घेतलं."

मी त्यांच्या शेजारी बसलो. आम्ही तसेच बसून राहिलो. उठावंसं दोघांनाही वाटेना. ऊन कलायला लागलं तेव्हा माझा फोन वाजला. जावयाचा नंबर, आवाज ताईचा.

"पोचले. लेक बरी आहे, कळा अजून सुरू झाल्या नाहीत. मी आता हलत नाही तिच्याजवळून. आधी ह्यांना दे फोन."

मी फोन दाजींच्या कानाला लावला. आमच्या ताईचा आवाज असा, की शेजारच्या बाकावरच्यांनाही ऐकू जावा.

"अहो, तुमची कॉलर मागून आत दुमडलीय. नवा शर्ट, मी स्वतः इस्त्री केलेला, आणि एवढ्या लोकांसमोरून तसेच चालत गेलात. इतका राग आला मला, इतका, की त्यांचा दिवा एकदम हिरवाच झाला. आता महिनाभर असेच फिराल ना गावभर?"

दाजी हसायला लागले. आवाज न करता, फक्त खांदे हलत होते.

मी कॉलर नीट करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"राहू दे," ते म्हणाले. "तिची ती करेल आल्यावर."